धाकटीचं चेस्ट गार्ड

आमची धाकटी, माझी बहीण, अंपायर आहे. क्रिकेटची नाही, बेसबॉलची. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक नुसतं "अंपायर" ऐकतात आणि पुढचं सगळं स्वतःच ठरवून मोकळे होतात. मग मला पहिल्यापासून समजावत बसावं लागतं आणि समजावणं हा माझा प्रांत नाही. मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. दिवसभर रेक्झिन, फोम आणि जाड सुईशी झटापट केल्यावर माझ्याकडे सहनशक्ती म्हणून काही शिल्लक उरत नाही.

तरी एकदाच सांगते. बेसबॉलच्या मैदानात एक पाचकोनी पांढरी रबरी पाटी जमिनीत बसवलेली असते, तिला प्लेट म्हणतात. बॅटर तिच्या बाजूला उभा राहतो, कॅचर मागे उकिडवा बसतो, आणि कॅचरच्या मागे, त्याच्या खांद्यावरून डोकं काढून जो वाकून उभा असतो तो प्लेट अंपायर. पिचरने फेकलेला चेंडू गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यातून, प्लेटवरून गेला तर स्ट्राइक, नाहीतर नुसता बॉल. हे ठरवायला अंपायरला पापणी लवते तेवढाच वेळ मिळतो. त्यात चेंडू बॅटला जरासा चाटून गेला की दिशा बदलतो आणि थेट अंपायरच्या अंगावर येतो. चांगला दगडाएवढा कडक असतो तो. म्हणून तोंडावर मास्क आणि शर्टाच्या आत छातीवर चेस्ट गार्ड.

धाकटी सोळा वर्षं तिथे उभी राहिली. आठवडाभर पोस्टात पार्सलं निवडायची आणि रविवारी मैदानावर जाऊन दोन्ही संघांची बोलणी खायची, ही तिची हौस. मी तिला पुष्कळदा विचारलं, बाई गं, सुट्टीच्या दिवशी माणसं आराम करतात, तुला हे कुठून सुचलं? ती म्हणायची, "ताई, तू रविवारी पण मशीनवर बसतेस, तुला कोणी विचारतं का?" उत्तर द्यायला ती कधी कमी पडलेली नाही.

गेल्या वर्षी तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली आणि स्तन काढावा लागला. तेव्हापासून ती आमच्याकडेच, मागच्या खोलीत राहते. त्या वर्षातलं बाकी काही मी इथे उगाळणार नाही. औषधं झाली, केस गेले, केस आले. मग एक दिवस डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता सगळं करा. मैदानावरही जा. फक्त त्या जागी थेट मार बसू देऊ नका." मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून जी रडले ती रडले. धाकटी मात्र घरी आल्या आल्या बुटांना पॉलिश करायला बसली.

अंपायरांच्या मंडळाने तिला परत घेतलं, पण प्लेटवर नाही, पहिल्या बेसवर. म्हणजे मैदानाच्या एका कोपऱ्यात उभं राहून धावणारा आधी पोचला की चेंडू, एवढंच बघायचं. माझ्या जिवाला बरं वाटलं. धाकटीने तीन रविवार ते केलं आणि तिसऱ्या रविवारी टोपी टेबलावर आपटून म्हणाली, "मला प्लेट पाहिजे."

"का, तिथे काय सोनं पुरलंय?"

"बेसवर मी सामना बघते गं नुसता. बघायचाच असता तर तिकीट काढून बसले असते."

मंडळात शब्द चालायचा तो फुगेकाकांचा. हे निवृत्त प्लेट अंपायर, वय पंच्याहत्तरच्या पुढे, आणि यादीत कोणाचं नाव कुठे लागणार ते त्यांच्या पेन्सिलीवर ठरायचं. फुगेकाका हे नाव पोरांनी ठेवलेलं. त्यांच्या काळात गार्ड शर्टाच्या आत घालायचं नसे. हवा भरलेलं, उशीएवढं फुगीर असं एक ढालीसारखं प्रकरण असायचं, ते दोन्ही हातांनी छातीपुढे धरून उभं राहायचं. सगळ्यांनी ते सोडलं तरी काका बरीच वर्षं त्याला चिकटून होते.

काकांनी धाकटीला सांगितलं, "जुनं गार्ड चालणार नाही. अंगावर नीट बसणारं नवीन घे. मग तीन सराव सामने प्लेटमागे कर, मी बघायला येईन. तिसऱ्यानंतर काय ते सांगेन. प्लेट तरी, नाहीतर कायमचा बेस."

जुनं खरंच चालणारं नव्हतं. ते तिच्या आधीच्या अंगाचं होतं. आता डावीकडे आतून पोकळ राहायचं, वाकलं की सरकायचं आणि त्याची कड नेमकी व्रणावर यायची. तर मग आमची वरात खेळाच्या सामानाच्या दुकानात.

दुकानदार उत्साही माणूस. त्याने आधी एक गुलाबी पट्टी लावलेलं नाजूक गार्ड काढलं आणि म्हणाला, "हे खास लेडीजसाठी." धाकटी म्हणाली, "चेंडूपण खास लेडीजसाठी येतो का?" त्याने ते परत ठेवलं आणि खरा माल काढला.

त्यात दोन जाती होत्या. एक सगळं मऊ, जाड फोमचं. ते मला बघताक्षणी आवडलं. हात लावला तर बोटं आत रुतत होती. दुसरं वरून कडक प्लास्टिकच्या पट्ट्यांचं, खाली पातळ फोम. ते बघूनच मला नको वाटलं. धाकटीने मला बाजूला ओढून तिच्या पद्धतीने शिकवलं. मऊ गार्ड कॅचरला बरं, कारण चेंडू आदळून त्याच्या पुढ्यातच पडायला हवा असतो. अंपायरला चेंडूशी काही देणंघेणं नाही. त्याला मार अंगावर पसरलेला हवा. कडक पट्टी तो सगळीकडे वाटून टाकते, म्हणजे एका जागी घुसत नाही. शिवाय मऊ गार्ड घामाने जड होतं आणि चौथ्या डावापर्यंत माणूस अर्धा उकडून निघतो.

"फोममधलं तू मला शिकवणार?" मी म्हटलं.

"बसायच्या फोममधलं तुला कळतं. मार खायच्या फोममधलं मला."

मग दुकानदार टेप घेऊन आला आणि तिला ताठ उभी करून मापं घ्यायला लागला. धाकटीने त्याचा हात थांबवला. "मी उभी राहून काम करत नाही. वाकून करते," असं म्हणून तिने दुकानाच्या मधोमध पाय फाकवले, गुडघे वाकवले, एक हात मांडीवर ठेवला आणि मान पुढे काढली. दोन गिऱ्हाइकं दचकून मागे झाली. तशीच वाकलेली राहून तिने एकेक गार्ड घालून बघितलं. वाकल्यावर गार्ड वर सरकतं, आणि त्याची वरची कड मास्कच्या हनुवटीला लागली की डोकं आपोआप वर उचललं जातं. ते होता कामा नये. म्हणून ती काय करत होती, तर समोरच्या रॅकच्या सर्वांत खालच्या फळीवरच्या बुटांच्या खोक्यांवरचे नंबर मोठ्याने वाचत होती. आठ, नऊ, साडेनऊ. वाचता आले की गार्ड पास. गळ्याखालची हाडं झाकली जातात का, खांदा फिरतो का, उजवा हात स्ट्राइकसाठी पूर्ण वर जातो का, हेही बघितलं. चौथं गार्ड तिला पटलं. कडक जातीचं, काळं, मधल्या मापाचं.

फक्त डावीकडे ते तिच्या अंगापासून सुटं राहत होतं. ती जागा भरल्याशिवाय ते सरळ बसणार नव्हतं.

"ते तू कर," ती मला म्हणाली. तिने स्वतःचं बोट आडवं धरून दाखवलं. "एक बोट जाडीचा पॅड. डाव्या बाजूला, आतून. एवढाच हं ताई. दोन्ही बाजू समपातळीत आल्या की झालं."

आता मी जे केलं ते सांगायचं आहे, आणि सांगताना अजून कान गरम होतात.

दुसऱ्या दिवशी ते गार्ड माझ्या मशीनजवळच्या टेबलावर होतं. मी एक बोट जाडीचा फोम कापला, त्याला मऊ सुती कापडाची खोळ शिवली, जागेवर ठेवून बघितला. समपातळीत बसला. काम तिथेच संपत होतं. पण मी त्यावर हात ठेवला आणि जरा दाबला. एवढासा? त्या चेंडूपुढे एवढासा? दवाखान्याच्या बाकावर काढलेले सगळे तास माझ्या डोळ्यांपुढे आले. मी आणखी एक थर कापला. मग तिसरा. मग काखेपाशी एक, कारण तिथल्याही गाठी काढल्या होत्या. मग गळ्याखालच्या कडेला दुपदरी पट्टी. शिवण इतकी बेमालूम केली की दुकानदारालाही वाटलं असतं, माल असाच आलाय. पस्तीस वर्षांचा हात आहे माझा.

धाकटीने घाईत, उभ्याउभ्याच घालून बघितलं. "जरा जाड वाटतंय का गं?"

"नवीन आहे. फोम बसतो हळूहळू. धंदा माझा आहे, मला माहीत नाही?" मी तिच्या तोंडावर सांगितलं. तिने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

पहिला सराव सामना. मी आणि आमचे हे जाळीमागच्या फळीवर बसलो होतो. फुगेकाका आमच्यापासून चार हातांवर, वही आणि पेन्सिल घेऊन. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण माणसांचे चेहरे कळतात. पिचर तिसऱ्या डावात हात पसरून आभाळाकडे बघायला लागला. कॅचरने दोनदा मान वळवून तिच्याकडे पाहिलं. खाली, गुडघ्याजवळ येणारा चेंडू स्ट्राइक असायचा आणि धाकटी गप्प उभी राहायची. काकांच्या पेन्सिलीने वहीत फुल्या पडत होत्या.

दुसऱ्या रविवारी तेच, उलट जास्त. ती सामन्यानंतर कोणाशी न बोलता सामान आवरायला गेली. हे गाडी आणायला गेले, आणि मी चहाच्या टपरीवर काकांना गाठलं.

"काय हो काका, काय लिहिता एवढं?"

"तिचं डोकं वर राहतंय," ते म्हणाले. माणूस मुळात मवाळ. "चार बोटं वर. एवढ्याने खालचा चेंडू कॅचरच्या खांद्याआड जातो. पोरगी घाबरलीय. एवढं सोसल्यावर कोणीही घाबरेल, त्यात कमीपणा नाही. पण घाबरलेल्या माणसाला मी प्लेटमागे उभं करत नाही."

"ती? घाबरली? तुम्ही तिला ओळखत नाही."

"मी मला ओळखतो." काकांनी कप खाली ठेवला. "तो फुगा होता ना माझा? त्याच्यामागे फार सुरक्षित वाटायचं. पण तो छातीपुढे धरला की खाली वाकताच येत नाही हो, मध्ये येतो. कॅचरच्या डोक्यावरून बघावं लागतं. बारा वर्षं मी गुडघ्याजवळचा एक चेंडू धड पाहिला नाही. नुसते अंदाज ठोकले. लोक म्हणायचे काकांची नजर अधू आहे. नजर चांगली होती. छातीपुढे जाडी फार होती."

माझ्या हातातला चहा हिंदकळून पदरावर सांडला. काका विचारत होते, भाजलं का म्हणून. मी कप तिथेच ठेवून गाडीकडे निघाले.

घरी गेलो तर धाकटी स्वयंपाकघराच्या टेबलाशी कागद घेऊन बसली. मंडळाला पत्र. मी डोकावून पाहिलं. "प्लेटसाठी माझा विचार करू नये" इथपर्यंत आलं होतं.

"औषधांनी नजर गेली असेल," ती पेनाचं टोपण फिरवत म्हणाली. "डोळ्यांच्या डॉक्टरने नीट आहे म्हटलं, पण मला चेंडू दिसत नाही, ताई. म्हणजे दिसतो, पण उशिरा. जातो, आणि मग मला कळतं की हा स्ट्राइक होता. सोळा वर्षं जे डोळे झाकून केलं, तेच येईना. आता तिसरा सामना करून आणखी शोभा कशाला करून घेऊ?"

तिचा आवाज एकदम सपाट होता. दवाखान्यातही मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. तिथे ती सुई टोचणाऱ्या बाईशीसुद्धा हुज्जत घालायची.

"पेन खाली ठेव," मी म्हटलं.

"का?"

"तुझी नजर कुठे गेलेली नाही. त्या गार्डात तीन बोटं फोम आहे."

तिने पेन खाली ठेवलं. "मी एक सांगितलं होतं."

"हो."

"काखेपाशी काय टोचतं मग?"

"तिथेही एक आहे."

"आणि वर?"

"दुपदरी पट्टी. म्हणून मास्क उचलला जातो. म्हणून तुझं डोकं खाली जात नाही. मला आत्ता कळलं, काका बोलले तेव्हा. शपथ सांगते."

धाकटी उठली. खुर्ची मागे पडली. "दोन रविवार मी त्या मैदानावरून परत येताना गाडीत तोंड फिरवून बसतेय. तू शेजारी होतीस. मी विचारलं तुला, जाड वाटतंय का म्हणून. तू काय म्हणालीस? धंदा माझा आहे!"

"म्हणाले."

"मला लागेल म्हणून घातलंस?"

"मग काय हौस म्हणून?" आता माझंही डोकं फिरलं. चूक माझी असली की मी जास्तच भडकते, हा माझा जुना रोग. "त्या दवाखान्याच्या बाकावर कोण बसायचं? तुझं ऑपरेशन चालू असताना सहा तास त्या दाराकडे कोण बघत होतं? मला तुला परत काहीही व्हायला नकोय. खरचटायलासुद्धा नकोय. म्हणून घातलं. तीन काय, दहा बोटं घातलं असतं, मशीनच्या पायाखाली जात नव्हतं म्हणून थांबले!"

तिला एकदम हसू फुटलं. रागातच फुटलं. हसता हसता डोळे भरले. मग मीही रडायला लागले आणि दारात उभे असलेले आमचे हे हळूच मागे सरकून बाहेर निघून गेले. अशा वेळी ते फार समजूतदारपणे वागतात.

"ताई," ती नाक पुसत म्हणाली, "मला लागणार आहे. कधीतरी लागणारच. प्लेटमागे उभं राहायचं म्हणजे ते आलंच. तू थांबवू शकत नाहीस."

"माहीत आहे मला."

"नाही माहीत. माहीत असतं तर एक बोट घातलं असतंस."



तिने कागद फाडला. मी टाके उसवायची आरी आणली आणि टेबलावर गार्ड उपडं करून बसले. स्वतःच्या हातची चांगली शिवण उसवायला जिवावर येतं, आणि ती तर माझी आजवरची सर्वांत चांगली शिवण होती. एकेक थर निघाला. काखेतला निघाला. गळ्याची पट्टी निघाली. धाकटी शेजारी उभी राहून प्रत्येक तुकडा हातात घेऊन बघत होती. "केवढं हे!" एवढंच मध्ये एकदा म्हणाली.

मग मी तिला वाकायला लावलं, मैदानात वाकते तशी, आणि वाकलेल्या अंगावर पॅड बसवला. हे मी पहिल्यांदाच करायला हवं होतं. सीटचं कव्हरसुद्धा मी माणूस बसल्यावर कसं ताणलं जातं ते बघून बेतते, आणि सख्ख्या बहिणीचं काम टेबलावर ठेवून उरकलं. एक बोट जाडीचा पॅड तिच्या बाजूला टेकला तेव्हा तिने डोळे मिटले.

"दुखतंय?"

"नाही. नीट बसलंय."

यांना आत बोलावून पाटावर कॅचर म्हणून बसवलं. यांचे गुडघे कडकड वाजले. मी समोर उभी राहून बटाटा कधी यांच्या खांद्याशी, कधी गुडघ्याशी धरत होते. धाकटी यांच्या खांद्यावरून बघून सांगत होती, आत, बाहेर, आत. अगदी खाली, जमिनीपासून वीतभर धरला तेव्हा ती लगेच म्हणाली, "बाहेर. आणि भावजी, मान हलवू नका." हे म्हणाले, "मला अजून किती वेळ असं बसायचंय?" मी बटाटा पुन्हा वर धरला.

तिसरा सामना. ऊन चांगलं होतं, फळी तापली होती. काका त्यांच्या जागी, वहीचं नवं पान. मी हातात छत्री धरून बसले होते. पहिल्या डावातला पहिलाच चेंडू गुडघ्याशी आला आणि धाकटीचा उजवा हात वर गेला. "स्ट्राइक!" आवाज पार मागच्या रस्त्यापर्यंत गेला असेल. काकांनी मान डोलावली, लिहिलं काही नाही. पुढचे चार डाव मी तिचं डोकं बघत होते. ते खाली होतं, कॅचरच्या कानाशेजारी, जिथे असायला हवं तिथे.

पाचव्या डावात चेंडू बॅटला चाटला. टक्क असा बारीक आवाज झाला आणि लगेच दुसरा, जड, ठप्प. धाकटी दोन पावलं मागे गेली. डावीकडेच लागला होता. हात छातीवर, मान खाली.

मी उठले. यांनी माझा दंड धरला. "थांब."

"सोडा मला!"

"तिने बोलावलंय का तुला?"

तिने नव्हतं बोलावलं. आणि मग मी पाहिलं, तिच्या पुढ्यातला कॅचर उठला, मास्क वर केला आणि पिचरकडे चालत निघाला. इतका सावकाश की जणू बागेत फिरायला आलाय. पिचरशी काहीतरी बोलला, हातमोजा झटकला, बुटाची नाडी सोडून परत बांधली. मला संताप आला. इथे माणसाला लागलंय आणि ह्याला गप्पा सुचतात! काका माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "रीत आहे ती. अंपायरला लागलं की कॅचर असा वेळ काढतो, म्हणजे अंपायरला श्वास घेता येतो आणि कोणाला विचारावं लागत नाही. कॅचरला लागलं तर अंपायर प्लेट झाडत बसतो. बोलत कोणी नाही." मी खाली बसले. त्या पोराची मनातल्या मनात माफी मागितली.

कॅचर परत आला तोवर धाकटी ताठ उभी होती. तिने खांदा एकदा फिरवला, मास्क ओढला आणि वाकली. आता काका पुढे सरकून बसले. मला विचाराल तर सगळं त्या एका चेंडूवर होतं. नुकता मार खाल्लेला माणूस पुढच्या चेंडूला डोकं वर घेतो की नाही. बॅटरवर दोन स्ट्राइक होते, तिसरा झाला की तो बाद.

चेंडू आला. खाली, प्लेटच्या पलीकडच्या कडेवरून, गुडघ्याशी. बॅटर नुसता बघत राहिला. धाकटीचं डोकं तसूभर हललं नाही. "स्ट्राइक थ्री!" आणि हात वर.

बॅटरच्या संघाचा प्रशिक्षक, मानच नसलेला आडदांड गडी, बाकावरून उडी मारून मैदानात आला. बेंबीच्या देठापासून ओरडला, "अहो, हा स्ट्राइक? डोळे आहेत का बटणं? दिसत नसेल तर घरी बसा! कोणी उभं केलं तुम्हाला इथे?"

मी छत्री घेऊन उभीच राहिले. त्या जाळीला भोक असतं तर मी त्यातून गेले असते. माझ्या बहिणीला? घरी बसा? यांनी पुन्हा दंड धरला, आणि तेवढ्यात धाकटीने मास्क काढला.

ती त्या माणसाकडे चालत गेली. त्याच्या छातीपर्यंत जेमतेम येत होती. "बाकावर जाऊन बसा," ती म्हणाली. "आणखी एक शब्द आला तर तुम्हालाच बाहेर काढीन." तो हात उडवत, पुटपुटत गेला. धाकटी वळली आणि मला तिचा चेहरा दिसला. हसू आवरायचा प्रयत्न करत होती, पण ते काही आवरेना. तिने घाईघाईने मास्क चढवला.

"मोसमभर प्लेट तिची," काकांनी पेन्सिल खिशात टाकली.

मी ऐकलं, पण माझं लक्ष धाकटीवरून हलत नव्हतं. वर्षभर तिच्याशी जो तो हळू आवाजात बोलत होता. पोस्टातली माणसं, शेजारीपाजारी, हे, आणि सगळ्यांत जास्त मी. कोणी तिच्याशी भांडत नव्हतं. तिने मीठ जास्त टाकलं तरी आम्ही छान झालंय म्हणून खात होतो. आणि आज एका परक्या माणसाने, तिला काय झालं होतं, काय काढलं होतं, यातलं काही ठाऊक नसताना, सोळा वर्षं लोक ओरडत आले तसंच तिच्यावर तोंड सोडलं.

मी फळीवर बसले आणि त्या आडदांड माणसाकडे बघून हात जोडले. तो बाकावर बसून अजूनही तोंडातल्या तोंडात शिव्या घालत होता.